जपानीतला 'होता, होती, होतं': नाम आणि विशेषणांचा भूतकाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी शिकायला लागून दोन-तीन महिने झाले की क्रियापदांचा भूतकाळ बऱ्यापैकी अंगवळणी पडतो. 'मासु'चं 'माशिता' केलं की काम भागतं. गाडी अडते ती 'काल थंडी होती', 'पेपर सोपा होता', 'बाग सुंदर होती' अशा साध्या वाक्यांवर. आणि मराठी माणसाची गाडी बहुतेक वेळा ठरावीक जागीच अडते, कारण आपला 'होता' कुठेही चालतो आणि जपानीत तसा एकच शब्द नाही. वर्गात, शिकवणीत आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत.

लिपीबद्दल एवढंच सांगतो. जपानी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. देवनागरीतला काना (ा) दिसला तरी उच्चार आखूडच करायचा. लांब स्वर दोनदा लिहिला आहे (किनोओ, म्हणजे काल), फक्त लांब 'उ' दीर्घ ऊकाराने दाखवला आहे. 'देसु' (आहे) बोलताना 'देस्' होतं आणि 'देशिता' (होता, होती, होतं) जवळजवळ 'देश्ता' ऐकू येतं. 'ज्या' हा 'जीव'मधला ज आहे, 'जग'मधला नव्हे.

विशेषणाला भूतकाळ असतो म्हणजे नेमकं काय?

मराठीत विशेषण फार तर लिंग-वचनाप्रमाणे बदलतं: चांगला, चांगली, चांगलं, चांगले. काळाप्रमाणे मात्र ते कधीच बदलत नाही. 'घर महाग आहे', 'घर महाग होतं'. 'महाग' जागच्या जागी, काळ सांभाळतो तो शेवटचा 'आहे' किंवा 'होतं'. जपानीत याच्या उलट आहे. लिंग-वचनाची भानगड नाही, पण विशेषणांचा एक मोठा गट (इ-विशेषणं) स्वतःच काळाचा प्रत्यय घेतो. 'ताकाइ' म्हणजे महाग (किंवा उंच), 'ताकाकात्ता' म्हणजे महाग होतं. शेवटी वेगळा 'होतं' लागतच नाही, तो शब्दाच्या पोटात आहे.

दुसरा गट (ना-विशेषणं) आपल्यासारखाच वागतो. तिथे विशेषण तसंच राहतं आणि मागून 'देशिता' येतं. नामांचंही तसंच.

नियम एका नजरेत दाखवाल का?

शिष्ट बोलीतली रूपं अशी:

नाम. आमे (पाऊस): आमे देसु, आमे देशिता. नकारार्थी आमे ज्या आरिमासेन्, आमे ज्या आरिमासेन् देशिता.

ना-विशेषण. शिझुका (शांत): शिझुका देसु, शिझुका देशिता. नकारार्थी शिझुका ज्या आरिमासेन्, शिझुका ज्या आरिमासेन् देशिता.

इ-विशेषण. ताकाइ: ताकाइ देसु, ताकाकात्ता देसु. नकारार्थी ताकाकु नाइ देसु, ताकाकु नाकात्ता देसु.

नाम आणि ना-विशेषण या दोन ओळी सारख्याच आहेत हे लक्षात आलं की पाठांतर एक तृतीयांशाने कमी होतं. ना-विशेषणाचा 'ना' फक्त नामाच्या आधी येतो (शिझुका ना माचि, म्हणजे शांत गाव). वाक्याच्या शेवटी त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे 'शिझुका ना देशिता' असं काही होत नाही. 'ज्या'च्या जागी 'दे वा' वापरलं तर जरा औपचारिक वाटतं, लेखनात तेच जास्त.

इ-विशेषणाची कृती सोपी: शेवटचा 'इ' काढायचा आणि 'कात्ता' जोडायचं. नकारार्थी करताना 'इ'च्या जागी 'कु नाकात्ता'. ओइशिइ (चविष्ट) – ओइशिकात्ता. सामुइ (थंड) – सामुकात्ता. मुझुकाशिइ (अवघड) – मुझुकाशिकात्ता. 'कात्ता'मधला जोड-त म्हणताना क्षणभर थांबायचं. 'पत्ता', 'कित्ता' म्हणणाऱ्या जिभेला त्यात अवघड काही नाही.

शेवटी 'इ' असलेला प्रत्येक शब्द इ-विशेषण असतो का?

नाही, आणि परीक्षेत नेमकं इथेच धरतात. 'किरेइ' (सुंदर, स्वच्छ), 'यूमेइ' (प्रसिद्ध), 'तेइनेइ' (अदबशीर) ही ना-विशेषणं आहेत. 'किरेइ देशिता' बरोबर, 'किरेकात्ता' चूक. ओळखायची खूण अशी: खरी इ-विशेषणं 'आइ', 'इइ', 'उइ', 'ओइ' अशी संपतात. 'एइ'ने संपणारं इ-विशेषण प्रमाण जपानीत नाही. म्हणजे 'एइ' ऐकलं की डोळे मिटून 'देशिता' लावा.

तरी चार शब्द फसवतातच: 'किराइ' (नावडतं), 'तोकुइ' (हातखंडा असलेलं), 'युकाइ' (मजेदार), 'इगाइ' (अनपेक्षित). दिसतात इ-विशेषणासारखे, पण आहेत ना-गटातले. किराइ देशिता, तोकुइ देशिता. हे पाठच करायचे. जपानी लहान मुलंसुद्धा 'किरेइ'ला कधी कधी इ-विशेषणासारखं वळवतात आणि घरची मोठी माणसं त्यांना दुरुस्त करतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

'ताकाइ देशिता' का चालत नाही? 'महाग होतं'चं तेच तर भाषांतर आहे.

मराठी विद्यार्थ्यांची ही पहिल्या नंबरची चूक. 'महाग'ला ताकाइ, 'होतं'ला देशिता, हिशोब जुळला असं वाटतं. जुळत नाही, कारण 'ताकाइ'मध्ये 'आहे' आधीच आहे. 'ताकाइ' एवढं म्हटलं तरी 'महाग आहे' असं पूर्ण वाक्य होतं. त्याच्यापुढे 'देशिता' लावलं तर 'महाग आहे होतं' अशी काहीतरी खिचडी होते.

यामागचा इतिहास थोडा बघितला तर नियम पाठ करावा लागत नाही. जुन्या जपानीत 'आरि' हे 'असणे' या अर्थाचं क्रियापद होतं, आजच्या 'आरु'चा पूर्वज. 'ताकाकु' अधिक 'आरि' मिळून 'ताकाकारि' झालं, त्याला भूतकाळी 'तारि' लागलं, आणि घासत घासत उरलं 'ताकाकात्ता'. नामांकडे 'दे आरि' होतं, त्याचा भूतकाळ 'दे आत्ता', आणि तोच आकसून 'दात्ता'. (हा 'आत्ता' म्हणजे आपला 'आत्ता' नव्हे, अर्थ बरोबर उलटा.) म्हणजे 'ताकाकात्ता'मधला 'आत्ता' आणि 'आमे दात्ता'मधला 'आत्ता' हे एकच. आपण जो 'होता' शोधत असतो तो दोन्हीकडे आहे, फक्त एकीकडे विशेषणाला कायमचा चिकटला आहे.

आता 'ताकाकात्ता देशिता' ही दुसऱ्या नंबरची चूकही आपोआप कळेल. तिचा अर्थ 'महाग होतं होतं'. भूतकाळ एकदाच लावायचा. तो विशेषणावर लागला असेल तर शेवटी लागणार नाही, आणि शेवटी लागणार असेल तर विशेषण कोरंच राहील.

मग 'ताकाकात्ता देसु' यात शेवटी 'देसु' कशाला? तो तर वर्तमानकाळ आहे.

इथला 'देसु' काळ दाखवत नाही, फक्त अदब दाखवतो. मित्राशी 'ताकाकात्ता', साहेबांशी 'ताकाकात्ता देसु'. अर्थात तसूभरही फरक नाही.

गंमत म्हणजे इ-विशेषणापुढे थेट 'देसु' लावणं जपान्यांनाही बराच काळ खटकत होतं. 1952 मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा परिषदेने शासनाला आदरार्थी भाषेविषयी शिफारशी दिल्या, त्यात 'ओओकिइ देसु' (मोठं आहे), 'चिइसाइ देसु' (छोटं आहे) ही रूपं साधी-सोपी म्हणून मान्य करायला हरकत नाही असं म्हटलं. आज ती सर्रास आहेत. पण '-कात्ता देसु'ला अजून शाळकरी निबंधाचा वास आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांचे सहलीवरचे निबंध हमखास 'तानोशिकात्ता देसु' (मजा आली) असेच संपतात. बोलताना बिनधास्त वापरा. मोठ्या माणसाने लिहिलेल्या अहवालात प्रत्येक ओळीच्या शेवटी आलं तर मात्र पोरकट दिसतं.

नकारार्थी भूतकाळाची दोन-दोन रूपं दिसतात. कोणतं बरोबर?

दोन्ही बरोबर. 'ताकाकु नाकात्ता देसु' आणि 'ताकाकु आरिमासेन् देशिता' यांत दुसरं किंचित जास्त औपचारिक. नामाचंही तसंच: 'आमे ज्या नाकात्ता देसु' आणि 'आमे ज्या आरिमासेन् देशिता'.

इथे कुणीतरी हात वर करतंच: 'आरिमासेन्'पुढे 'देशिता' चालतं, मग 'ताकाइ'पुढे का नाही? कारण 'मासेन्'ला स्वतःचा भूतकाळच नाही. त्यामुळे तो 'देशिता' उसना घेतो. 'नाइ'ला मात्र स्वतःचा आहे, 'नाकात्ता'. 'नाइ' हे रूपाने इ-विशेषणच असल्यामुळे त्याचंही 'इ' जाऊन 'कात्ता' येतं. म्हणून 'नाकात्ता देशिता' नाही.

'ताकाकु नाइ' ऐकल्यावर कोकणातल्या विद्यार्थ्यांचे कान टवकारतात. 'महाग नाय'शी हे इतकं जुळतं की विसरणं अशक्य. निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी.

'इइ'चं काय करायचं?

'इइ' म्हणजे चांगलं. याचं मूळ रूप 'योइ', आणि रूपं चालवायची वेळ आली की मूळच पुढे येतं: योकात्ता, योकु नाइ, योकु नाकात्ता. 'इइकात्ता' असं काही नसतं. 'इइ'पासून झालेले जोडशब्दही तसेच: 'काक्कोइइ' (रुबाबदार) – काक्कोयोकात्ता. मात्र 'कावाइइ' (गोड, लाडिक) यात 'इइ' दिसलं तरी तो शब्द वेगळा आहे. त्याचं 'कावाइकात्ता'.

'योकात्ता' एकटंच उद्गारलं तर अर्थ 'बरं झालं!', 'हुश्श!'. हरवलेलं पाकीट सापडलं, योकात्ता. मित्र पास झाला, 'योकात्ता देसु ने'. आणि क्रियापदाच्या 'बा' रूपापुढे आलं तर हळहळ: 'इकेबा योकात्ता' म्हणजे 'गेलो असतो तर बरं झालं असतं'.

प्रत्येक मराठी 'होता'ला 'देशिता' वापरायचं का?

अजिबात नाही. खरं सांगायचं तर 'कात्ता' आणि 'देशिता'पेक्षा जास्त गुण इथेच जातात, कारण चूक आधी मराठीत लपलेली असते.

मराठी 'होता' निदान तीन कामं करतो. 'तो शिक्षक होता' यात तो दोन गोष्टी जोडतो. इथे 'देशिता' (सेन्सेइ देशिता). 'काल मी पुण्यात होतो' यात तो असणं सांगतो. इथे 'इमाशिता' (किनोओ पुने नि इमाशिता). निर्जीव वस्तू किंवा कार्यक्रम असेल तर 'आरिमाशिता': 'मीटिंग होती' म्हणजे काइगि गा आरिमाशिता, 'ताप होता' म्हणजे नेत्सु गा आरिमाशिता. आणि तिसरं म्हणजे 'येत होतो', 'खाल्लं होतं' यातला सहायक 'होता', त्याचा या पानाशी संबंध नाही.

नकारार्थी वाक्यात हा फरक पैशाचा होतो. जपानी कंपनीबरोबर काम करणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या टीमने चाचणीनंतर दोन ओळींचा निरोप पाठवायचा आहे. 'मोन्दाइ वा आरिमासेन् देशिता' म्हणजे 'काही अडचण आली नाही'. 'मोन्दाइ दे वा आरिमासेन् देशिता' म्हणजे 'ती अडचण नव्हती', म्हणजे काहीतरी दिसलं, पण ते दोष ठरलं नाही. मध्ये फक्त एक 'दे' जास्त. पहिला निरोप वाचून समोरचा फाइल बंद करतो, दुसरा वाचून विचारतो, 'मग काय होतं?'

दुसरा सापळा याहून बेरकी आहे. मराठीत अनुभव सांगताना आपण नाम किंवा क्रियापद वापरतो, जपानी तिथे विशेषण वापरतं. थंडी होती, सामुकात्ता देसु. उकाडा होता, आत्सुकात्ता देसु. गर्दी होती, हितो गा ओओकात्ता देसु (शब्दशः माणसं पुष्कळ). कामाची गडबड होती, इसोगाशिकात्ता देसु. मजा आली, तानोशिकात्ता देसु. भीती वाटली, कोवाकात्ता देसु. झोप येत होती, नेमुकात्ता देसु. दुखत होतं, इताकात्ता देसु. ही वाक्यं मराठीतून शब्दाला शब्द नेली तर 'थंडी'साठी नाम शोधण्यात वेळ जातो. 'सामुइ' आठवलं की संपलं.

फक्त ही भावनेची विशेषणं स्वतःबद्दलच वापरतात. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कसं कळणार, अशी जपानीची भूमिका आहे. 'तिला एकटं वाटत होतं' हे सांगताना 'साबिशिकात्ता' न म्हणता 'साबिशिसोओ देशिता' (एकटी वाटत होती, तशी दिसत होती) म्हणायचं. '-सोओ' लागलेला शब्द ना-विशेषणासारखा वागतो, म्हणून शेवटी 'देशिता'.

'महाग झालं', 'पेपर सोपा गेला', 'भाजी छान झाली' ही वाक्यं कशी करायची?

'झालं' म्हणजे बदल झाला असेल तर 'नारिमाशिता': ताकाकु नारिमाशिता (महाग झालं), शिझुका नि नारिमाशिता (शांत झालं), इश्या नि नारिमाशिता (डॉक्टर झाला). इ-विशेषणाला 'कु', बाकीच्यांना 'नि'.

पण 'पेपर सोपा गेला' यात पेपर कुठेही गेलेला नाही. ते साधं 'यासाशिकात्ता देसु'. 'भाजी छान झाली'मध्येही बदल सांगायचा नसतो, तिथे 'ओइशिइ' किंवा 'ओइशिकात्ता' पुरे. 'ओइशिकु नारिमाशिता' म्हटलंत तर आधी ती बेचव होती असं होईल, आणि ज्याने रांधलं त्याच्यासमोर ते बरं दिसणार नाही.

जेवताना 'ओइशिइ' म्हणायचं की 'ओइशिकात्ता'?

घास तोंडात असताना 'ओइशिइ'. ताट संपल्यावर 'ओइशिकात्ता देसु'. आपण पहिल्याच घासाला 'मस्त झालंय' म्हणतो, त्या सवयीने अर्धं ताट समोर असताना 'ओइशिकात्ता' तोंडून निघालं तर यजमानांना वाटेल की तुमचं जेवण आटोपलं. सहलीचंही तसंच. फिरताना 'तानोशिइ', निरोप घेताना 'तानोशिकात्ता'.

मित्रांशी बोलताना काय बदलतं?

'देशिता'चं 'दात्ता' होतं: आमे दात्ता, शिझुका दात्ता. 'ज्या आरिमासेन् देशिता'चं 'ज्या नाकात्ता'. इ-विशेषणापुढचा 'देसु' गळतो. प्रश्न विचारताना 'का' लावत नाहीत, आवाज वर नेतात: 'ताकाकात्ता?'

एक बारीक गोष्ट. वर्तमानकाळात मित्रांमध्ये 'दा' बऱ्याचदा गाळतात. नुसतं 'किरेइ' म्हटलं तरी 'सुंदर आहे' असं होतं. भूतकाळातला 'दात्ता' मात्र गाळता येत नाही. गाळलात तर काळच गेला.

दोन विशेषणं एका वाक्यात आली तर दोन्हींना भूतकाळ लावायचा का?

जोडणी कशाने केली यावर आहे. 'आणि'च्या अर्थाने 'कुते' किंवा 'दे' वापरलं तर काळ फक्त शेवटी. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर केलं आहे, ती ओकायामाची कोओराकुएन् बाग तुम्ही पाहून आलात असं धरू. 'बाग मोठी आणि सुंदर होती' म्हणजे 'कोओराकुएन् वा हिरोकुते किरेइ देशिता'. क्रम उलटा केला तर 'किरेइ दे हिरोकात्ता देसु'. शेवटचा शब्द ज्या गटातला, त्याप्रमाणे शेवट.

'पण' आला की दोन वाक्यं वेगळी होतात आणि दोघांना आपापला काळ लागतो: 'ताकाकात्ता देसु गा, ओइशिकात्ता देसु', महाग होतं पण चवीला छान होतं. 'म्हणून'च्या 'कारा'लाही हेच: 'सामुकात्ता कारा', थंडी होती म्हणून.

विशेषण नामाच्या आधी आलं तर?

तेव्हाही भूतकाळ लागू शकतो, आणि मराठीला हे नवीन आहे. 'ताकाकात्ता होन्' म्हणजे 'महाग होतं ते पुस्तक'. 'शिझुका दात्ता माचि' म्हणजे 'एकेकाळी शांत असलेलं गाव'. इथे 'देशिता' नको, साधं 'दात्ता'च हवं. 'मला वाटतं की' या अर्थाच्या 'तो ओमोइमासु'आधीही तसंच: 'मुझुकाशिकात्ता तो ओमोइमासु', 'आमे दात्ता तो ओमोइमासु'. वाक्याच्या पोटात अदब भरायची नसते, ती शेवटच्या 'ओमोइमासु'त आलीच.

मात्र 'लहानपणी'साठी 'कोदोमो नो कोरो' एवढं पुरतं. गोष्ट जुनी आहे म्हणून प्रत्येक शब्दाला भूतकाळ लावत बसायची गरज नाही.

'हवं होतं', 'जायचं होतं' यांचा इथे काय संबंध?

'होशिइ' (हवं) हे इ-विशेषण आहे आणि इच्छा दाखवणारा 'ताइ' प्रत्ययही इ-विशेषणासारखाच चालतो. म्हणून होशिकात्ता, इकिताकात्ता (जायचं होतं), ताबेताकु नाकात्ता (खायचं नव्हतं). 'आवडणं' मात्र 'सुकि', ते ना-गटातलं: सुकि देशिता. 'हवं' आणि 'आवडतं' वेगवेगळ्या गटांत आहेत हे ध्यानात राहत नाही, तेव्हा एकाच वाक्यात दोन्ही घालून घोका.

गोष्ट अजून चालू असतानाही जपानी लोक 'देशिता' म्हणतात. का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, ठरलेले शिष्टाचाराचे शब्द. जेवण झाल्यावर 'गोचिसोओसामा देशिता', काम संपल्यावर 'ओत्सुकारेसामा देशिता'. हे असेच शिकायचे, फोड करायची नाही.

दुसरी, आठवण्याचा भूतकाळ. 'आ, क्योओ वा किन्योओबि दात्ता' म्हणजे 'अरे, आज शुक्रवार होता की!' शुक्रवार अजून चालूच आहे, पण माहिती आपल्याला आधीची होती आणि आत्ता आठवली. मराठीत आपण हुबेहूब हेच करतो. 'तुमचं आडनाव काय होतं हो?' विचारताना समोरच्याचं आडनाव बदललेलं नसतं. जपानीत ते 'नान् देशिता क्के'. जपानी शिकणाऱ्या इतर अनेकांना हा प्रकार समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही.

जपानी उपाहारगृहात ऑर्डर घेतल्यावर 'योरोशिकात्ता देश्योओ का' (हे ठीक होतं ना?) ऐकू येतं. वर्तमानातल्या गोष्टीला भूतकाळ कशाला, म्हणून चोखंदळ जपानी लोक या वाक्यावर नाक मुरडतात. मला त्यात फार मोठा अपराध दिसत नाही, पण मुलाखतीत तुम्ही वापरू नका.

'दे आत्ता' आणि 'गोझाइमाशिता' कधी वापरायचं?

'दे आत्ता' लेखी भाषेत, प्रबंधात, इतिहासाच्या पुस्तकात. बोलताना वापरलं तर भाषण ठोकल्यासारखं वाटतं.

'गोझाइमाशिता' अतिशिष्ट. नामापुढे 'दे गोझाइमाशिता'. इ-विशेषणाचा मात्र 'कु' विरघळतो: 'ताकाकु'चं 'ताकोओ गोझाइमाशिता', 'ओइशिकु'चं 'ओइश्यू गोझाइमाशिता'. स्वतः बोलायची वेळ क्वचितच येईल. पण पहिल्या दिवशी शिकलेलं 'ओहायोओ' हे 'हायाइ' (लवकर) या विशेषणापासून आणि 'आरिगातोओ' हे 'आरिगाताइ'पासून असंच झालं आहे. आभार मानताना उपकार पुरा झाला असेल तर 'आरिगातोओ गोझाइमाशिता'.

ओसाकाकडचे लोक 'यात्ता' म्हणतात ते काय?

तेच 'दात्ता'. त्या भागात 'दा'च्या जागी 'या' येतं, म्हणून आमे यात्ता, किरेइ यात्ता. इ-विशेषणाचं 'कात्ता' तिथेही कायम.

एन-5 परीक्षेत यावर काय विचारतात?

एन-5 म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची (जेएलपीटी) सर्वांत सोपी पातळी. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेत बोलायचं किंवा लिहायचं काही नसतं, पर्यायांतून निवडायचं असतं. पर्याय मुद्दाम 'किरेकात्ता', 'इइकात्ता', 'ताकाइ देशिता' असेच ठेवलेले असतात. आधी 'किनोओ' (काल), 'सेन्श्यू' (गेल्या आठवड्यात) असा काळ दाखवणारा शब्द शोधा, मग विशेषणाचा गट ठरवा, मग पर्याय वाचा. उलट क्रमाने गेलात तर चारही पर्याय बरोबर वाटायला लागतात. ऐकण्याच्या भागात 'नाकात्ता' अगदी शेवटी येतं, तोवर उत्तर ठरवून टाकायचं नाही.

तपासून बघायला काही वाक्यं द्याल का?

आधी मराठी झाकून जपानी वाचू नका, स्वतः करून बघा.

काल सुट्टी होती. – किनोओ वा यासुमि देशिता.

हॉटेल जुनं होतं, पण स्वच्छ होतं. – होतेरु वा फुरुकात्ता देसु गा, किरेइ देशिता.

मला तिकीट हवं होतं. – किप्पु गा होशिकात्ता देसु.

तो सिनेमा फारसा चांगला नव्हता. – आनो एइगा वा आमारि योकु नाकात्ता देसु.

लहानपणी मला गणित आवडायचं नाही. – कोदोमो नो कोरो, सान्सू गा सुकि ज्या नाकात्ता देसु.

बाजारात गर्दी नव्हती. – इचिबा वा हितो गा ओओकु नाकात्ता देसु.

रविवारी मी घरी नव्हतो. – निचियोओबि वा उचि नि इमासेन् देशिता.

शेवटच्या वाक्यात 'उचि ज्या आरिमासेन् देशिता' लिहिलं असेल, तर 'प्रत्येक मराठी होता' हा प्रश्न पुन्हा एकदा वाचा.